कंपल्सरी काय आहे, एवढंच विचारून थांबू नका

परदेशी निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कंपल्सरी काय काय आहे?" व्हिसा, तिकीट, पासपोर्टची मुदत असं सगळं विचारून झालं की हळूच येतं, "आणि ती लस घ्यावीच लागते का?" उत्तर 'नाही' आलं की चेहरा उजळतो. एक काम कमी झालं, पैसे वाचले, दंडाला सुई लागली नाही. मला भीती वाटते ती याच सुटकेची.

कारण ती अट कुणाच्या भल्यासाठी असते, याचा विचार आपण करतच नाही. कुठलाही देश दारात आरोग्याचे कागद मागतो तो स्वतःच्या काळजीपोटी. तिथे गेल्यावर तुमचं काय होईल ही त्याची चिंता नसते, तुम्ही सोबत काय घेऊन याल ही असते. त्यात गैर काही नाही. पण मग त्या यादीकडे बघून आपल्या तब्येतीचा निर्णय कसा घ्यायचा?

पीतज्वराचंच घ्या, म्हणजे डासांमुळे पसरणारा यलो फिव्हर. प्रवेशासाठी लसीचा पुरावा मागता येईल असा आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत नाव घेऊन सांगितलेला हा एकच आजार. पोलिओ किंवा हजला जाताना लागणारी मेनिंजायटिसची लस यांच्या अटी वेगळ्या वाटेने आल्या आहेत. पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला म्हणजे ते पिवळं कार्ड, पूर्वी ते १० वर्षं चालायचं. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं जातं, त्यामुळे जुनं कार्ड कपाटात असेल तर फेकू नका. पहिल्यांदाच लस घेत असाल तर मात्र कार्ड लागू होतं १० दिवसांनी. आठव्या दिवशी विमान असेल तर खिशात कार्ड असूनही कागदोपत्री तुम्ही लस न घेतलेलेच.

आता गंमत बघा. हे कार्ड बहुतेक ठिकाणी तुम्ही 'कुठे जाताय' यावर मागत नाहीत, 'कुठून येताय' यावर मागतात. घानासारखे काही देश सगळ्यांकडूनच मागतात, पण अनेकांचा सगळा रोख तुमच्या मार्गावर असतो. दक्षिण आफ्रिकेला थेट गेलात तर कुणी विचारणार नाही. वाटेत केनियातल्या, म्हणजे पीतज्वराच्या प्रदेशातल्या नैरोबीच्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त बसलात की कार्ड दाखवा. भारतातही पीतज्वराच्या प्रदेशातून कार्डाशिवाय येणाऱ्याला ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. स्वस्त तिकिटाच्या नादात लांबलचक ट्रान्झिट घेणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

याची उलट बाजू ब्राझीलने दाखवली. तिथे जाणाऱ्या बहुतेक पर्यटकांना हे कार्ड कुणी मागत नव्हतं, म्हणजे आपल्या भाषेत 'कंपल्सरी नव्हतं'. २०१८ च्या सुरुवातीला तिथे साथ असताना लस न घेता गेलेल्या काही परदेशी पर्यटकांना पीतज्वर झाला. त्यातले बरेच जण रिओजवळच्या इल्हा ग्रांदे बेटावर फिरून आलेले होते. काही जण दगावले. एकाही नियमाचा भंग त्यांनी केलेला नव्हता.

म्हणून हे नियम फालतू आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. २०१६ मध्ये अंगोलात मोठी साथ आली आणि तिथे कामाला असलेले, लस न घेतलेले काही चिनी नागरिक आजार घेऊन मायदेशी परतले. असे ११ रुग्ण सापडले. त्याआधी आशियात पीतज्वराचा रुग्ण कधी नोंदला गेला नव्हता. हा आजार पसरवणारा डास आशियात भरपूर आहे, फक्त विषाणू अजून रुजलेला नाही. तेव्हा बनावट पिवळं कार्ड मिळवून देतो म्हणणारा एजंट भेटला तर तो तुमचं काम सोपं करत नाहीये, कोट्यवधी लोकांच्या जिवावर उठलाय.

लस सगळ्यांनी डोळे मिटून घ्यावी असंही नाही. ती जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूची असते. प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांना, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांना ती सहसा देत नाहीत. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेताना दुर्मीळ पण गंभीर त्रासाचा धोका वाढतो. आजींचा मुक्काम अशा ठिकाणी असेल जिथे हा आजारच नाही, आणि कार्ड फक्त ट्रान्झिटपायी लागत असेल, तर आधी विमानाचा मार्ग बदलता येतो का ते बघावं. नाहीतर लस देऊ नये असं डॉक्टरांचं सूट-पत्र मिळतं, पण ते मान्य करायचं की नाही हे समोरचा देश ठरवतो, म्हणून आधी विचारून घ्यावं.

आणि मलेरिया! २०२३ मध्ये जगात जवळपास ६ लाख माणसं मलेरियाने गेली, त्यातली बहुतेक आफ्रिकेत. तरी मलेरियाच्या गोळ्या घेतल्या का, असं इमिग्रेशनच्या खिडकीत तुम्हाला कुणी विचारणार नाही. त्या गोळ्यांची वेळापत्रकंही वेगवेगळी. काही निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतात, काही दोन-तीन आठवडे आधी, आणि परत आल्यावरही चालू ठेवाव्या लागतात. लोक नेमक्या इथेच सोडतात. घरी पोचलो, आता कशाला? तर यकृतात दडलेले परजीवी नंतर रक्तात उतरतात, म्हणून.

एक गोष्ट मात्र खरोखर कंपल्सरी असते आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, ती म्हणजे तुमच्या औषधांच्या पिशवीबद्दलचे नियम. जपानमध्ये स्यूडोएफेड्रीनचं प्रमाण जास्त असलेली सर्दीची औषधं नेता येत नाहीत, आणि एडीएचडीवरची (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावरची) अँफेटामिनची औषधं तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी बंद. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रामाडॉल अशा वेदनाशामकांसाठी आधी परवानगी लागते. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, घटक औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा. डब्यात सुट्या गोळ्या भरून निघणाऱ्यांपुढे मी हात टेकलेत.

सगळ्याच आरोग्य-अटींमागे शास्त्र असतं असंही समजू नका. एचआयव्ही असलेल्यांना अमेरिकेने १९८७ पासून जानेवारी २०१० पर्यंत दार बंद ठेवलं होतं. विमानात शेजारी बसल्याने जो आजार होत नाही, त्यासाठी २२ वर्षं! नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराची माहिती प्रामाणिकपणे जगाला दिली आणि बदल्यात काही दिवसांत अनेक देशांनी तिथली विमानं बंद केली. अशा अटी पाळाव्या तर लागतातच, पण त्यांना वैद्यकीय सल्ल्याचा मान देऊ नये.

पासपोर्टचं थोडक्यात सांगते. अनेक देशांना मुदत ६ महिने शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांना (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या) तिथून निघाल्यानंतर ३ महिने पुरतात, पण पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा आरोग्य विमाही लागतो. आणि तुमची पहिली तपासणी इमिग्रेशनवाला करत नाही, विमान कंपनीचा काउंटर करतो. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड आणि परत आणण्याचा खर्च कंपनीच्या माथी बसतो, म्हणून तिथे रडून-भांडून उपयोग नसतो.

जमलं तर निघण्याच्या सहा-आठ आठवडे आधी प्रवासाच्या लसी देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. जाताना पूर्ण मार्ग लिहून न्या, ट्रान्झिटसकट. आणि मलेरियाच्या देशातून परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरांना तापाच्या आधी त्या देशाचं नाव सांगा, त्याच दिवशी रक्त तपासायला लावा. फ्लू असेल म्हणून दोन दिवस थांबून बघू, असं करू नका.