तेच ड्राइव्ह लेटर दिलं म्हणून डिस्क तीच होत नाही

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत सर्व्हर सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. क्लस्टर (एकाचं काम दुसऱ्याने उचलावं म्हणून जोडलेले सर्व्हर) असेल तर शेअर्ड डिस्क (त्या सर्व्हरची सामाईक डिस्क) गेल्याची धास्ती नको, असं त्याचं म्हणणं. नवी डिस्क लावा, फॉरमॅट करून जुनंच ड्राइव्ह लेटर द्या, बॅकअप टाका. विंडोज क्लस्टर तिला आपोआप ओळखतो. नाही ओळखलं तर जुना डिस्क रिसोर्स (क्लस्टरमधली त्या डिस्कची नोंद) डिलीट करून नवा घ्या. क्वोरम डिस्क (क्लस्टर चालू राहायला आधार देणारी खास डिस्क) गेली तर मात्र क्लस्टर नव्यानेच उभारा. आणि रेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडणं) असेल तर ही वेळच येत नाही. ऐन अडचणीच्या रात्री कुणी यावर विसंबलं तर त्याचं काम दुप्पट होईल, म्हणून लिहितोय.

आपोआप ओळखण्याचं आधी घेऊ. क्लस्टर लेटर बघत नाही. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर चार बाइटची सिग्नेचर, म्हणजे ओळखीचा आकडा असतो, जीपीटी या नव्या पद्धतीच्या डिस्कवर १२८ बिटचा जीयूआयडी. क्लस्टरच्या डेटाबेसमध्ये नोंद असते ती त्याची. नव्या डिस्कवरचा आकडा वेगळा, त्यामुळे क्लस्टरच्या लेखी जुनी डिस्क हरवलेलीच राहते. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये अशा वेळी इव्हेंट १०३४ यायचा, अपेक्षित सिग्नेचरची डिस्क सापडत नाही म्हणून. तेव्हा रिसोर्स किटमधलं क्लस्टर रिकव्हरीचं टूल वापरावं लागे. २००८ पासून फेलओव्हर क्लस्टर मॅनेजरमध्येच त्या डिस्कवर ‘रिपेअर’ करता येतं. नवी डिस्क सगळ्या नोडना, म्हणजे क्लस्टरमधल्या सर्व्हरना, दिसायला हवी, पण क्लस्टरच्या ताब्यात जाईपर्यंत एकाच नोडवर ऑनलाइन ठेवा. दोन नोडनी एकदम लिहिलं तर एनटीएफएस, म्हणजे डिस्कवरची फाइलींची मांडणी, खराब होते.

डिलीट करण्याचा सल्ला सगळ्यात घातक. रिपेअरमध्ये रिसोर्सचं नाव, ग्रुप, डिपेंडन्सी (कोणता रिसोर्स कशावर अवलंबून आहे त्या जोडण्या) तशाच राहतात, फक्त मागची डिस्क बदलते. डिलीट केलं की त्या डिपेंडन्सीही जातात. अंबडच्या एका कारखान्यात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आम्ही पोहोचलो तेव्हा जुना रिसोर्स उडवलेला होता, गेटवर ट्रक उभे होते आणि एकही बिल निघत नव्हतं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे सिस्टिम डेटाबेस दुसऱ्या डिस्कवर होते, त्यामुळे तो सुरू झाला. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण रिस्टोअर सुरू केलं की एरर ५१८४. ज्या डिस्कवर एसक्यूएलच्या रिसोर्सची डिपेंडन्सी नाही, तिच्यावर तो फाइल ठेवूच देत नाही. ड्राइव्ह समोर दिसतोय, जागा रिकामी आहे, आणि तरी नकार. दोघं जण तासभर फोल्डरच्या परमिशन तपासत बसले होते. नवी डिस्क एसक्यूएलच्या ग्रुपमध्ये आणून डिपेंडन्सीत जोडली, तेव्हा कुठे रिस्टोअर पुढे सरकलं.

क्वोरम डिस्कबद्दल थोडक्यात. २००३ च्या काळात ती भीती रास्त होती. ती डिस्क गेली की क्लस्टर सर्व्हिस नेहमीसारखी सुरूच होत नसे. आता दोन नोड आणि एक विटनेस डिस्क (क्वोरम डिस्कचंच आजचं नाव) मिळून तीन मतं असतात, आणि क्लस्टर चालायला बहुमत लागतं. विटनेस गेली तरी दोन्ही नोड जिवंत असतील तर बहुमत शाबूत राहतं. क्वोरमच्या सेटिंगमध्ये नवी डिस्क निवडली की झालं. फोर्सक्वोरम, म्हणजे क्लस्टर जबरदस्तीने सुरू करण्याचा पर्याय, बहुमतच गेलं असेल तेव्हासाठी आहे, उगाच चालवू नका.

राहिला रेड. रेड ५ एक डिस्क गेलेली सोसतो. अंबडच्या त्या कारखान्यात पहिली बदलून रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभा करणं) चालू असतानाच दुसरी गेली. शिवाय चुकून पुसलेला डेटा कुठलाही रेड परत देत नाही. तिथे शेवटचा बॅकअप रात्री एकचा होता. त्यानंतरच्या सगळ्या नोंदी स्टोअरच्या मुलांनी चलनांच्या कार्बन प्रतींवरून दोन दिवस बसून पुन्हा भरल्या.