व्हिटॅमिन ए आणि 'विष'वाल्या मेसेजबद्दल खुलासा
आपल्या रत्नागिरीच्या ग्रुपवर फिरतंय की व्हिटॅमिन ए बनवताना शिशाचं विष घालतात, गोळ्या नको, मोरी माशाच्या (छोट्या शार्कच्या) लिव्हरचं तेलच घ्या. अहो, अर्थच चुकलाय! ते 'विष' माणसाला नाही, कॅटॅलिस्टला, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थाला. लिंडलर या रसायनशास्त्रज्ञांनी 1952 मध्ये कॅल्शियम कार्बोनेटवर पॅलेडियम हा धातू बसवून शिशाने त्याचा जोर मुद्दाम कमी केला, कारण नुसतं पॅलेडियम ट्रिपल बाँडवर (दोन कार्बन अणूंमधल्या तिहेरी बंधावर) हायड्रोजन चढवत थेट सिंगलपर्यंत नेतं, आणि व्हिटॅमिन ए ला तर डबल बाँड हवेतच. हे मंदावलेलं पॅलेडियम डबलवर, तेही सिस रूपात (दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला), थांबतं. कॅटॅलिस्ट घन असतो, गाळून काढतात, शिवाय औषधात शिशाची मर्यादा ठरलेली असते. गरोदर बायकांनी मात्र गोळी काय, तेल काय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका, जास्त व्हिटॅमिन ए बाळाला खरंच घातक.