खुलासा : मिठाचा स्विमिंग पूल म्हणजे 'झीरो मेंटेनन्स' नव्हे

घोडबंदर रोडच्या बंगलेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'पुलात मीठ टाका, क्लोरीन कायमचं बंद, खर्च शून्य.' हे चूक आहे.

मिठाच्या पुलातही क्लोरीनच असतं. फक्त ते डब्यातून न येता यंत्रातल्या सेलमध्ये (धातूच्या पट्ट्यांच्या कप्प्यात), मिठाच्या पाण्यातून वीज जाऊन तयार होतं. सेलवर पांढरा थर चढतो, तो साफ करावा लागतो. काही वर्षांनी सेलच बदलावा लागतो, आणि तो स्वस्त नसतो. शिवाय या पद्धतीत पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा) सतत वर चढतो. तो ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायला ॲसिड लागतंच.

आमचा पूल ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.४. म्हणजे जवळपास ४५,००० लिटर. लिटरला साडेतीन ग्रॅम धरलं तरी दीडशे किलोच्या वर मीठ! पाणी फिरवणारा एक एचपीचा पंप रोज आठ तास, म्हणजे सहा-आठ युनिट वीज. ते बिल मीठ थोडंच भरणार?

ठाण्याचा पाऊस तर मेसेजवाल्याने धरलेलाच नाही. जुलैत पूल भरून वाहतो, मीठ पातळ होतं, पुन्हा गोणी आणा. गेल्या वर्षी चार दिवस पंप बंद ठेवला, तर पायऱ्या हिरव्या, बुळबुळीत. घासायला मीच होतो.

मिठाच्या पुलात डोळे कमी चुरचुरतात असं पोहणारे सांगतात, ते मलाही पटतं. तेवढ्यासाठी घ्यायचा तर जरूर घ्या.