नऊ नंबर कोण?

भाचा दोन वर्षांनी ग्लासगोहून गणपतीला घरी येणार म्हटल्यावर मला वाटलं चॉकलेटं आणेल, फार तर एखादा मफलर, जो इंदूरमध्ये वर्षातून अकरा दिवस घालता येतो. मफलर आणला त्याने. पण त्याच्यावर ग्लासगो वॉरियर्स लिहिलेलं होतं, आणि मफलरच्या मागोमाग अख्खी रग्बीची टीमच आमच्या रामबागेतल्या घरात मुक्कामाला आली.

सोबत त्याचा रूममेट होता. तोही आपलाच, राजेंद्रनगरचा. दोघं तिकडे एका खोलीत राहतात, एकाच कुकरमध्ये खिचडी लावतात आणि गेले तीन महिने एकमेकांशी धड बोलत नाहीत, कारण काय तर सप्टेंबरात सीझन सुरू होईल तेव्हा नऊ नंबरला जॉर्ज हॉर्न खेळवायचा की जेमी डोबी. भाचा डोबीवाला, रूममेट हॉर्नवाला. भांडण मिटवायला म्हणून ताईने दोघांना माझ्याकडे पाठवलं, कारण मामा समजूतदार आहे. मामाला रग्बीतलं इतकंच माहीत होतं की बॉल गोल नसतो.

तर पहिल्याच सकाळी पोह्यांच्या बश्यांवर शिकवणी सुरू झाली. पंधरा जणांची टीम, एक ते आठ हे जाडजूड, यांचं काम धक्के मारायचं, आणि दहा ते पंधरा पळणारे. मध्ये हा नऊ. आठ जणांनी ढकलाढकली करून बॉल मागे काढला की तो उचलून कुणाकडे द्यायचा हे नऊ नंबर ठरवतो. मी म्हटलं, म्हणजे पंगतीत कोठीच्या दाराशी उभा असतो तो, जिलबी कुठल्या ओळीत आणि मठ्ठा कुठल्या ओळीत हे ठरवणारा. दोघं एकदम म्हणाले, करेक्ट मामा! तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं म्हणे. मग लगेच, हॉर्न मोठा, अनुभवी, बॉल हलवण्यात फास्ट, तर डोबी तरुण आणि शिवाय विंगवरही, म्हणजे अगदी कडेलाही, खेळतो, म्हणून त्याला विंगवर टाका आणि दोघंही बसवा, तर विंगवरचा काय पाप करून बसलाय, असं चालू झालं ते पोहे गार झाले तरी थांबेना. माझ्या पोह्यांवरची शेव एक-एक करत प्लेअर म्हणून टेबलावर गेली. जीरावन मसाल्याची रेघ ओढून ट्रायलाइन केली. तिच्यापलीकडे बॉल टेकवला की पाच पॉइंट, हे मला आता झोपेतही सांगता येईल. आतून ही ओरडली, "धोबी कशाला बदलताय उगाच, कपडे वेळेवर देतो की!"

इथवर ठीक होतं. दिक्कत झाली आबा आल्यावर.

आमचे आबा ब्याऐंशी वर्षांचे. त्यांच्या लेखी जगात टीम एकच झाली, होळकरांची, जिने चार वेळा रणजी जिंकली आणि 1945-46 मध्ये म्हैसूरविरुद्ध एका डावात सहा जणांच्या सेंच्युऱ्या काढल्या. त्यातलं आबांनी स्वतः पाहिलेलं शून्य, सगळं त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं, पण सांगतात असं की कॅप्टन सी. के. नायडूंना पॅड यांनीच बांधून दिले असावेत. त्यांनी चष्मा वर करून मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि इंदुरात कुठल्याही मराठी माणसाला पहिला विचारतात तोच प्रश्न विचारला.

"हा मूळचा कुठला?"

फोटो होता सिओने तुइपुलोटुचा. वॉरियर्सचा सेंटर, स्कॉटलंडचा कॅप्टनही झालेला. भाचा म्हणाला, जन्म ऑस्ट्रेलियातला, घराणं टोंगाचं, पण आजी ग्रीनॉकची, म्हणजे ग्लासगोच्या जवळचीच. रग्बीत आई, बाप, आजी, आजोबा यांच्यातल्या एकाचा जरी जन्म तिकडचा असला तरी त्या देशाकडून खेळता येतं. आणि कोणीच नसेल तर पाच वर्षं तिथं राहायचं.

आबा खूशच झाले. "म्हणजे आजोळ चालतं!" म्हणाले. आम्हाला इथे येऊन सात पिढ्या झाल्या तरी पुण्याला लग्नात गेलं की बायका विचारतात, तुमचं मराठी वेगळंच वाटतं, मूळचे कुठले, आणि इथे दुकानदार म्हणतो, भिया आप तो महाराष्ट्र से हो न. त्या हिशोबाने आम्ही कोणाच्याच टीममध्ये बसत नाही. त्या दिवसापासून आबा सिओनेला एकेरीत, घरातल्यासारखं बोलायला लागले. "आपला सिओने काय म्हणतोय?"

मग नाना आले. नाना म्हणजे शेजारचे, बँकेतून रिटायर. त्यांना खेळाशी देणंघेणं नाही, पण भाच्याने सहज सांगितलं की इंग्लंड-स्कॉटलंड मॅचचा जो कलकत्ता कप आहे तो 1878 साली कलकत्त्याच्या क्लबने बंद होताना खात्यातले 270 चांदीचे रुपये काढून, वितळवून घडवला, कान नागाचे आणि झाकणावर हत्ती. झालं. नाना जे खुर्चीवर बसले ते उठेनात. "खातं बंद केलं? सह्या कोणाच्या होत्या?" पुढचे तीन दिवस नाना रोज दोन वेळा येत होते, आणि ते हॉर्नवाले झाले, का ते विचारू नका, आबा डोबीवाले होते एवढंच कारण पुरेसं होतं.

चौथ्या दिवशी आरती झाल्यावर नानांनी तोंड उघडलं, की सगळं ठीक आहे पण हे स्क्रम म्हणजे नक्की काय, करून दाखवा. मी आरतीचं ताट घेऊन आत निघालो होतो. ताट माझ्या हातातून काढून घेण्यात आलं.

टीपॉय सरकवला. खऱ्या स्क्रममध्ये आठाला आठ भिडून बॉलसाठी ढकलाढकली करतात, आपण पुढच्या तीन-तीनवर भागवू असं ठरलं. त्यांच्याकडून नाना, रूममेट आणि वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा, जो पीएससीची तयारी करतोय आणि अभ्यास सोडून काहीही करायला तयार असतो. आमच्याकडून भावजी, मधे भाचा आणि उजवीकडे मी. उजवीकडचा म्हणजे टाइटहेड. याचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे अडकतं. डावीकडचा तो लूजहेड, त्याचं डोकं एका बाजूने मोकळं. माझ्या समोरचे लूजहेड नाना, त्यामुळे माझं तोंड बंद आणि नानांचं चालू, म्हणजे नेहमीसारखंच.

रेफरी आबा. दिवाणावर बसून, हातात काठी. तीनच शब्द बोलायचे होते त्यांना, भाच्याने कागदावर लिहून दिले होते. "क्राउच," आबा म्हणाले. आम्ही सहा जण वाकलो. "बाइंड." मी नानांची बंडी धरली, नानांनी माझा सदरा धरला, माझा कान नानांच्या काखेत गेला, तिथे बाम आणि उदबत्ती यांचा एकत्र वास होता. आता फक्त "सेट" राहिलं होतं.

"कॉम्प्टनही असाच बाहेरचा," आबा म्हणाले.

आम्ही वाकलेले.

"महूला फौजेत पोस्टिंग होतं त्याचं. डेनिस कॉम्प्टन! इंग्लंडचा! महू म्हणजे इथे, अर्ध्या-पाऊण तासावर. तर आपल्या होळकरांनी घेतला टीममध्ये. आहेत का यांच्याकडे पाच वर्षांचे नियम? आपल्याकडे सरळ हिशोब, महूला आहेस न, मग ये."

"आबा, सेट म्हणा," मी नानांच्या बंडीत म्हणालो.

"थांब रे. 1944-45 ची फायनल, मुंबईला. मुश्ताक अलीची दोन्ही डावांत सेंच्युरी. कॉम्प्टन 249 नाबाद."

"मग जिंकलो का?" मोकळ्या डोक्याने नानांनी विचारलं. हे नानांनी निव्वळ खोडसाळपणे विचारलं, त्यांना पक्कं माहीत होतं. आबा गप्प झाले. खोलीत फक्त भावजींचा श्वास ऐकू येत होता आणि पीएससीवाल्याचा मोबाइल खिशात थरथरत होता. बऱ्याच वेळाने आबा म्हणाले, "मुंबई होती समोर," आणि रागारागाने काठी आपटून, "सेट!"

सहाच्या सहा जणांनी एकदम जोर लावला. नानांची बंडी बगलेपासून खालपर्यंत टर्रकन फाटली, भावजी दिवाणाखाली गेले, आणि माझ्या मानेत कट्ट असा आवाज आला, जो आतल्या खोलीत हिला ऐकू गेला. तिला वाटलं नारळ फुटला. तिने विचारलं, प्रसाद वाटायचा का?

डॉक्टरांनी पट्टा दिला, दहा दिवसांचा. कसं झालं म्हणाले, मी म्हटलं रग्बी, त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. अनंत चतुर्दशीला अख्खं इंदूर रात्रभर झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघत होतं, मी मान न वळवता फक्त समोरून गेली तेवढी झांकी बघितली. पोरं तोपर्यंत परत गेली होती. जाताना एअरपोर्टवर हसत-खेळत एका ट्रॉलीवर सामान टाकून गेली, भांडण कधी मिटलं देव जाणे. ते आमच्या घरी राहिलं. आबा-नाना बोलत नव्हते.

सप्टेंबरच्या शेवटी पहिली मॅच. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली रात्रीची बारा-सव्वाबारा. आबा एरवी नऊला झोपतात. त्या रात्री पाणी प्यायला उठलो तर बाहेरच्या खोलीत उजेड, दिवाणावर आबा, गळ्यात तो मफलर, आणि शेजारी नाना, नवीन बंडी घालून. मधे माझा मोबाइल पेल्याला टेकवून उभा केलेला, त्यावर भाच्याचा व्हिडिओ कॉल चालू. टीम आली होती. नऊ नंबरला हॉर्न होता, डोबी बेंचवर.

नानांनी काही न बोलता शेवेची बशी स्वतःकडे ओढली.

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावून यादी पहिल्यापासून वाचली आणि मोबाइलला तोंड लावून भाच्याला म्हणाले, "नीट चौकशी कर. सिलेक्शन कमिटीत कोणीतरी मुंबईचा बसलाय."