खोडदच्या डिशमधून ‘रेडिएशन’ बाहेर पडतं का?

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण आहे. तिच्याबद्दल नारायणगाव-जुन्नर भागात एक दावा वर्षानुवर्षं ऐकू येतो आणि आता तो मोबाईलवरही फिरतो: ‘जीएमआरटीच्या डिशमधून रेडिएशन सुटतं, ते शरीराला बाधतं, ढग पळवतं. धोका आहे म्हणूनच तिथे कारखाने आणि टॉवर येऊ देत नाहीत.’

‘रेडिएशन सुटतं.’ नाही. 45 मीटर व्यासाच्या या 30 डिश फक्त ऐकतात. घराच्या गच्चीवरची टीव्हीची छत्री जशी लहरी घेते, सोडत नाही, तसंच. गोंधळ होण्याचं एक कारण मला समजतं: पोर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या दुर्बिणीवर खरोखरच लहरी सोडणारं शक्तिशाली रडार होतं. खोडदला तसलं काही नाही.

‘शरीराला बाधतं.’ बाधायला आधी काही पोचायला तर हवं! आकाशातून येणारे हे संकेत इतके क्षीण असतात, की चंद्रावर एखादा चालू मोबाईल ठेवला तर तो त्याच्या वारंवारितेवर आकाशातल्या बहुतेक रेडिओ स्रोतांपेक्षा जास्त ठळक दिसेल. रेडिओ लहरींची काळजी वाटत असेल तर खिशातल्या फोनबद्दल विचारा, तो प्रश्न रास्त आहे. मोबाईल टॉवरसाठी भारताने 2012 पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा ठेवली आहे.

‘म्हणूनच टॉवर येऊ देत नाहीत.’ निर्बंध आहेत, पण कारण नेमकं उलटं आहे. मोटारींच्या ठिणग्या, वेल्डिंग, फोन यांच्या गोंगाटात दुर्बिणीला ऐकू येईनासं होतं. भेटीला आलेल्यांना फोन बंद करायला सांगतात तेही त्यासाठीच. उद्योग येत नाहीत, फोनला रेंज मिळत नाही, ही तिथल्या लोकांची तक्रार मात्र खरी आहे आणि तिचं उत्तर दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेने आणि सरकारने द्यायलाच हवं. तिला आजाराच्या भीतीचं वेष्टन चढवलं की मूळ तक्रारच कुणी मनावर घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

‘ढग पळवतं.’ डिश जवळून पाहा: पत्रा नाही, स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे, 10 ते 20 मिलिमीटरची भोकं असलेली. वारा आरपार जातो. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाटाकडे धो धो पाऊस आणि पूर्वेकडे कमी, हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे. दुर्बीण उभी राहिली 1990च्या दशकात. सह्याद्री त्याआधीपासून तिथेच आहे.