तीन आठवडे बसले, तरी डोकं शांत होईना!

"मावशी, तीन आठवडे झाले, रोज दहा मिनिटं डोळे मिटून ध्यानाला बसते. डोकं शांत व्हायचं राहिलं बाजूला, उलट गोंगाट जास्तच ऐकू येतोय. मला काही हे जमायचं नाही."

परवा मैत्रिणीच्या लेकीचा फोन आला होता. मला आधी हसूच आलं, आणि ते तिला ऐकू गेलं. मग ती थोडी फुरंगटली. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

अगं, गोंगाट आधीपासून होताच, फक्त तू आत्ता ऐकायला लागलीस. २०१० साली मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. सुमारे २२५० लोकांना दिवसभरात मधूनच फोनवर विचारायचं : आत्ता काय करताय, मन कुठे आहे आणि कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. आणि मन भरकटलेलं असताना लोक कमी आनंदी होते. अगदी छान छान विचारांत रमलेले असले, तरी समोरच्या कामात असणाऱ्यांपेक्षा जास्त खूश नव्हते.

नवीन माणूस बसतो तेव्हा काय होतं? श्वासाकडे लक्ष दिलं, मन पळालं, थोड्या वेळानं ते लक्षात आलं, परत आणलं. बहुतेकांना वाटतं, मन पळालं तिथेच आपण नापास. मला विचाराल तर "अरेच्चा, मी भलतीकडेच होते की!" हा जो क्षण आहे ना, त्याच्यासाठीच बसायचं. दहा मिनिटांत चाळीसदा पळालं तर चाळीसदा परत आणायचा सराव झाला.

फायद्यांबद्दल मात्र जरा जपून बोलू या. ध्यानानं सगळं बरं होतं असं सांगणारे व्हिडिओ मलाही रोज येतात. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, एकूण साडेतीन हजारांच्या आसपास माणसं. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फरक पडतो, असं त्यात दिसलं. पण व्यायाम, औषधं किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस आहे, असं काही दिसलं नाही. व्हिडिओवाले पहिलं वाक्य सांगतात आणि दुसरं गिळतात. आठ आठवड्यांत मेंदूची रचनाच बदलते, हेही तसंच. २०२२ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी काटेकोरपणे तपासलं, तर तसा बदल सापडला नाही. म्हणून चालू असलेली गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि बसल्यावर भीती वाढत असेल, जुनं काही उसळून वर येत असेल, तर रेटू नका. थांबा आणि जाणकाराला भेटा. काही जणांना असा त्रास होतो, खरंच होतो.

मग रोजच कशाला? पतंजलींनी अभ्यास पक्का होण्याच्या तीन अटी सांगितल्यात : दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरानं. किती मिनिटं, ते सूत्रात कुठेच नाही! (हे लक्षात आलं त्या दिवशी मला फार मोकळं वाटलं होतं.) माझं स्वतःचं कारण साधं आहे. इच्छा होईल तेव्हाच बसलं, तर आपल्याला आपलं एकच मन माहीत होतं, ते बसावंसं वाटणारं. कंटाळलेलं, चिडलेलं, झोपाळलेलं मन भेटायचं असेल तर नको वाटेल त्या दिवशीही बसावं लागतं. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी बसायचं. ॲपमधली सलग दिवसांची साखळी तुटली म्हणून ध्यानच सोडून दिलेले लोक मी पाहिलेत.

मला आता अकरा वर्षं झाली. सुरुवातीला अंग हलकं व्हायचं, कधी उगाच डोळे भरून यायचे, मजा वाटायची. आता तसलं काही होत नाही. बसते, उठते. फरक दिसतो तो भलत्याच ठिकाणी. गेल्या महिन्यात एका खिडकीवर तोच अर्ज तिसऱ्यांदा परत मिळाला. राग आला, भरपूर आला. पण शब्द बाहेर पडायच्या आधी कान तापलेले कळले. आणि संध्याकाळपर्यंत विषय संपला होता. पूर्वी मी तो दोन दिवस घरभर वाटत फिरले असते.

जुन्या मंडळींचा (म्हणजे माझाही) एक चोरटेपणा सांगूनच टाकते. घरात वाद सुरू झाला की "मी ध्यानाला बसते" म्हणून उठून जायचं. कोण अडवणार? कित्येक वर्षं मी हे केलं. शेवटी नवऱ्यानंच एकदा विचारलं, "आत जाऊन शांत होतेस की लपतेस?" त्या दिवशी बैठक काही लागली नाही.

बाकी आसन, दिशा, उदबत्ती यांचा घोळ घालू नका. खुर्ची चालते. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत.

आणि हो, आज सकाळी लेकीचा मेसेज आला : "मावशी, गजर वाजेचना म्हणून शेवटी डोळे उघडले. लावलाच नव्हता! सतरा मिनिटं झाली होती. त्यातली दहा तरी गजराचाच विचार करत होते."