नवे ब्रेक पॅड असूनही आंबा घाटात पेडल तळाला का गेलं: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. पिकअपचे पुढचे ब्रेक पॅड आमच्या गॅरेजमध्ये बदलले, नंतर कोल्हापूरहून पेंड भरून येताना आंबा घाटात पेडल तळाला गेलं, हँडब्रेक ओढत गाडी साखरप्याला आणली, चाकांवर पाणी मारलं आणि अर्ध्या तासाने पेडल आपोआप ठीक झालं. म्हणून पॅड डुप्लिकेट होते, असं तुमचं म्हणणं. तुम्ही सगळे सुखरूप खाली उतरलात हे सगळ्यात महत्त्वाचं. रत्नागिरी-कोल्हापूर करणाऱ्या बऱ्याच पिकअपना हा त्रास होतो, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देतो.

पॅड तापून निकामी झाले तर पेडल कडकच राहतं. पाय कितीही दाबा, पेडल वर घट्ट आणि गाडी मात्र पुढे पळत राहते, सोबत करपल्याचा वास येतो. तुमचं पेडल मऊ पडून खाली गेलं, पंप मारल्यावर थोडं वर आलं आणि थंड झाल्यावर पूर्ववत झालं. ही खूण ब्रेक ऑइल उकळल्याची आहे. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, वाफ धरली की पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो.

ब्रेक ऑइलच्या प्रतींपैकी डॉट 3 नवं असताना कमीत कमी 205 अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट 4 कमीत कमी 230 ला. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बाकी वर्षभर दमट खारी हवा, त्यामुळे दोन वर्षं जुन्या ऑइलवर भरलेल्या गाडीने घाट उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या जॉबकार्डवर ‘ब्रेक ऑइल काळं, बदलावं’ असा शेरा आहे आणि पुढे ‘ग्राहक: पुढच्या वेळी’ असं लिहिलंय. कार्डाची प्रत तुमच्याकडेही आहे.

आता खरा प्रश्न असा, की पुढची चाकं इतकी तापली का? अशा पिकअपमध्ये पुढच्या आणि मागच्या ब्रेकची लाईन वेगळी असते. पुढचं ऑइल उकळलं तरी, पेडल खोल गेल्यावर का होईना, मागच्यांनी थोडं धरायला हवं होतं. तुम्ही लिहिता, काहीच धरलं नाही. हँडब्रेकने मात्र धरलं. म्हणजे मागच्या ड्रममधल्या ब्रेक लायनरमध्ये जीव आहे, त्यांच्यापर्यंत ऑइलचा दाब पोचत नाहीये.

माझा संशय मागच्या एक्सलजवळच्या एलएसपीव्हीवर आहे, म्हणजे भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हवर. त्याचा रॉड एक्सलला जोडलेला असतो. माल भरला की बॉडी खाली बसते, रॉड वळतो आणि व्हॉल्व्ह मागे जास्त दाब सोडतो. तुमच्या गाडीला मागे दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक पाटा जादा टाकलाय. त्यामुळे दीड टन भरूनही बॉडी पुरेशी बसत नाही आणि व्हॉल्व्ह गाडी रिकामीच आहे असं धरून चालतो. वर मिरकरवाड्याहून मासळी नेताना क्रेटमधलं खारं पाणी नेमकं त्या सांध्यावर ठिबकतं, म्हणजे रॉड गंजून जाम झालेला असण्याचीही शक्यता आहे. मग सगळा भार पुढच्या दोन चाकांवर येतो. तीन टन वजनाची गाडी 100 मीटर खाली उतरली की 10 लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला यावं एवढी उष्णता तयार होते. न्यूट्रलमध्ये उतरलात तर जवळपास ती सगळी ब्रेकवर. ज्या गिअरमध्ये ती चढण चढावी लागते त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेक थोडा वेळ जोरात दाबा आणि पूर्ण सोडा. हलका पाय सतत ठेवणं सगळ्यात वाईट. आणि तापलेल्या चाकांवर पाणी कधीच मारू नका, डिस्क वाकते, ड्रमला तडा जातो.

गाडी आणलीत की तुमच्यासमोर हे करू. आधी सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालवून चारही चाकांचं तापमान टेम्परेचर गनने घेऊ. पुढची मागच्यांपेक्षा जास्त तापणारच. पण मागची जेमतेम कोमट असतील तर संशय पक्का. पुढच्या डाव्या-उजव्यात 40-50 अंशांचा फरक निघाला तर एक ब्रेक पाय काढल्यावरही सुटत नाहीये. जास्त तापलेलं चाक उचलून हाताने फिरवायचं. जड फिरत असेल तर मास्टर सिलेंडरची (पेडलच्या जोराने ऑइलला दाब देणारा भाग) त्या लाईनची नळी सैल करायची: चाक मोकळं फिरलं तर दोष मास्टरकडे, बहुतेक त्याला ढकलणाऱ्या पुशरॉडला खेळ नाही. नाही फिरलं, पण कॅलिपरचा निपल (ऑइल काढायचा स्क्रू) उघडल्यावर मोकळं झालं, तर होज पाइप आतून सुजलाय. तरीही जड, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना जाम. पॅड काढून बघूच. कडा भुरभुरल्या असतील किंवा मसाला पत्र्यापासून सुटला असेल, तर तुमची तक्रार खरी आणि पॅड कंपनीकडे मी स्वतः परत पाठवीन. नुसता चकचकीत गुळगुळीत झाला असेल तर ती उष्णतेची खूण. पाणी मारलंय म्हणून डिस्क वाकलीय का हे बघायला डायल गेजही लावू.

तपासणीचे पैसे घेणार नाही. ऑइल एक लिटर डॉट 4 लागेल, आधी मागची चाकं, मग पुढची, स्वच्छ ऑइल येईपर्यंत काढायचं. पाट्यांचा निर्णय तुमचा. ठेवायचे असतील तर व्हॉल्व्हचा रॉड कंपनीच्या मापाने पुन्हा सेट करावाच लागेल.

येताना गाडी रिकामी आणा आणि तोवर घाटात भरून नेऊ नका. पेडल आता ठीक लागतंय, पण आत ऑइल तेच आहे आणि तेवढं तापलं की परत उकळणार.